सिंगापूर ते न्यूयॉर्क: साडेअठरा तास आणि विमानात गेलेला शनिवार

सिंगापूरहून जानेवारीतल्या एका दुपारी बाराच्या सुमारास विमान सुटलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी पावणेसहाला मी न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उतरलो. तिकिटावर नजर टाकली तर सहा तासांचा प्रवास वाटावा. बसलो होतो साडेअठरा तास.

दोन शहरांतलं अंतर साधारण १५,३५० किलोमीटर. पण हे अंतर मोजतात ते जवळजवळ उत्तर ध्रुवावरून, कारण ही दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळपास विरुद्ध रेखांशांवर आहेत. म्हणजे पूर्वेकडून जा की पश्चिमेकडून, फारसा फरक नाही. मग मार्ग ठरवतो वारा. जाताना आम्ही पॅसिफिकवरून गेलो. हिवाळ्यात तिथे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यामुळे लांबचा रस्ता घेऊनही वेळ वाचतो. येताना विमान अटलांटिक आणि युरोपवरून आलं. दोन्ही वेळा पूर्वेकडेच! पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली हे मला परत येताना समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघताना कळलं. नुसतं अंतर बघून वेळेचा हिशेब करू नका, एवढंच.

तारखेचा घोळ मात्र मी घातलाच. परतीचं विमान शुक्रवारी रात्री साडेदहाचं. मी मित्राला बिनधास्त कळवलं, 'शनिवारी सकाळी सहाला घ्यायला ये.' शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता न्यूयॉर्कमध्ये बॅग भरत होतो, तर त्याचा फोन: 'अरे, मी विमानतळावर उभा आहे, तू कुठेयस?' हिवाळ्यात सिंगापूर तेरा तास पुढे असतं, उन्हाळ्यात बारा. विमान पोचणार होतं रविवारी सकाळी. तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात '+२' (म्हणजे निघाल्यापासून दोन तारखा पुढे) लिहिलेलं असतं, तेवढं हॉटेल आणि टॅक्सी ठरवण्याआधी वाचा. (मित्र रविवारी पुन्हा आला. नाश्ता अर्थातच माझ्याकडून.)

सिंगापूर एअरलाइन्सचं हे विमान ए३५०-९०० यूएलआर, मुद्दाम लांब पल्ल्यासाठी जास्त इंधन घेणारं. प्रवासी फक्त १६१: बिझनेस ६७, प्रीमियम इकॉनॉमी ९४. साधी इकॉनॉमी नाहीच, त्यामुळे तिकीट महाग. स्वस्तात जायचं तर त्यांचंच फ्रँकफर्टमार्गे जाणारं विमान आहे. चार-पाच तास जास्त लागतात, पण मध्ये पाय मोकळे होतात. गुडघे कुरकुरत असतील तर मी तोच पर्याय सुचवेन.

थेटच जाणार असाल तर बसल्याबसल्या घड्याळ पोचायच्या शहराच्या वेळेवर लावा आणि झोप त्या हिशेबाने घ्या. मी जाताना पहिल्याच जेवणानंतर झोपलो आणि न्यूयॉर्कमध्ये रात्री टक्क जागा. केबिनमधली हवा कोरडी असते, पाणी मागत राहा. पाण्यामुळे उठणंही आपोआप होतं, आणि इतका वेळ सलग बसणं रक्ताच्या गुठळीचा धोका वाढवतं, त्यामुळे ते चांगलंच. जागा मधल्या वाटेच्या कडेची घ्या. खिडकीतून बहुतेक वेळ ढग आणि काळोखच दिसतो.