प्लेटलेट्स सहा लाख

गणपतीच्या आदल्या आठवड्यात कणकवलीत तापाच्या पेशंटची रीघ लागते. शेतातल्या पाण्यात उतरलेल्यांना लेप्टो, जोडीला डेंगी आणि मलेरिया, त्यात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची भर. या दिवसांत आमच्या लॅबमध्ये सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट मशीनमधून निघतो आणि थेट पाकिटात जातो. प्रत्येकाची स्लाइड बघत बसले तर दिवस पुरायचा नाही. पण आकड्यांत काही खटकलं की स्लाइड मायक्रोस्कोपखाली घालायचीच, असं माझं आणि टेक्निशियनचं ठरलेलं आहे.

मुलगा सहा वर्षांचा. सकाळपासून ताप, हुडहुडी, एक उलटी. हिमोग्लोबिन ठीक. पांढऱ्या पेशी 11,800, म्हणजे तापातल्या मुलात घाबरण्यासारखं काही नाही. प्लेटलेट्स मात्र 6,40,000. पावसाळी तापात प्लेटलेट्स घसरतात. हल्ली नातेवाईकसुद्धा आधी तोच आकडा विचारतात. याच्या उलट चढलेल्या होत्या. टेक्निशियनने मी सांगायच्या आधीच स्लाइड रंगवून पुढ्यात ठेवली.

ऑइल इमर्शनखाली, म्हणजे तेलाच्या थेंबातून मोठ्या भिंगाने, पाहिलं तर बऱ्याच तांबड्या पेशींत एकेक ठिपका. गोल, रेखीव, गडद जांभळा. मलेरियाच्या परजीवीची रिंग अशी दिसत नाही. रंगाचा कचराही नव्हता. तो फोकस हलवला की चमकतो आणि पेशीच्या वर बसलेला कळतो. या हॉवेल-जॉली बॉडीज. तांबडी पेशी तयार होताना तिचं केंद्रक बाहेर टाकलं जातं, त्याचा मागे राहिलेला तुकडा. तसे तुकडे तुमच्या-माझ्याही पेशींत राहतात, पण प्लीहा, म्हणजे आपली पाणथरी, ते खुडून काढते. ते दिसतायत याचा अर्थ प्लीहा काम करत नाही किंवा ती पोटात नाहीच. चढलेल्या प्लेटलेट्सचा मेळही इथेच लागतो.

मी बाहेर आले. बाकावर आजी बसली होती, पोर तिच्या मांडीवर मलूल पडलेलं. आईवडील रात्रीच्या गाडीने येणार होते. सदरा वर केला तर पोटावर मधोमध उभा, लांब व्रण.

‘‘आजी, हे कसलं ऑपरेशन?’’

‘‘गेल्या वर्सा जिन्यावरसून पडललो गो बाय. पोटात रगत झालला, म्हणान मुंबैक ऑपरेशन केल्यानी. आता बरो आसा.’’

काय काढलं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी तिथूनच बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. ‘‘सर, या मुलाला प्लीहा नाही.’’ त्यांनी पुढचं काही विचारलं नाही, फक्त म्हणाले, ‘‘पाठवा लगेच.’’ रिपोर्टची वाट न बघता ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का बघायचा नमुना, घेतलं आणि पाठोपाठ शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक दिलं. सलाईन लावून मुलगा गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला रवाना झाला. निघताना त्याचे हात गार पडू लागले होते.

पांढऱ्या पेशींचा आकडा अशा मुलांत फसवतो. पेशी भरपूर असतात, पण न्यूमोकोकससारख्या जंतूभोवती जे कवच असतं ते त्यांना धरता येत नाही. ओल्या हातातून बांगडा निसटावा तसा जंतू निसटतो. त्याच्यावर आधी अँटिबॉडी चिकटावी लागते. ती झटपट बनवणाऱ्या बी पेशी प्लीहेच्या कडेच्या पट्ट्यात असतात, आणि रक्त गाळताना जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेजचा मोठा ताफाही प्लीहेतच. लहान मुलांत तर या जंतूंविरुद्धची जुनी अँटिबॉडीसुद्धा थोडीच असते. 1952 साली किंग आणि शूमाकर या अमेरिकन सर्जननी प्लीहा काढलेल्या तान्ह्या मुलांतली अशी गंभीर इन्फेक्शन्स नोंदवली, तेव्हापासून हे माहीत आहे. साध्या तापापासून शॉकपर्यंत जायला काही तास पुरतात, आणि एकदा तिथवर गेलं की उपचार करूनही निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात. पहिली दोन-तीन वर्षं धोका सर्वांत जास्त, पण तो जन्मभर राहतो.

रात्री वडिलांनी डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवला. इंग्रजीत ‘स्प्लेनेक्टॉमी’, म्हणजे प्लीहा काढली, असं लिहिलं होतं. खाली लसींसाठी दोन आठवड्यांनी बोलावलं होतं. टाके सुकले, पोर खेळायला लागलं, मग कोण जातं? मला त्या आईवडिलांचा राग येत नाही. सर्जननी जीव वाचवला हेही खरं. पण या दोन ओळी कोणीतरी समोर बसवून, समजेल अशा मराठीत सांगायला हव्या होत्या, आणि हे मी अजून प्रत्येक मीटिंगमध्ये तावातावाने बोलते.

कल्चरमध्ये न्यूमोकोकसच निघाला. मुलगा दोन दिवस आयसीयूत होता, मग सावरला. घरचा गणपती यंदा त्याच्याशिवायच पोचवला. बरा होऊन आल्यावर न्यूमोकोकल, हिब आणि मेनिंगोकोकल लसी सुरू झाल्या, रोज दोन वेळा पेनिसिलिनची गोळी लागली.

डॉक्टरांनी आणि मी मिळून त्याच्यासाठी एक कार्ड केलं. एक प्रत दप्तरात, एक आजीच्या पिशवीत. वर मुलाचं नाव, खाली मोठ्या अक्षरांत: ‘‘माझी पाणथरी ऑपरेशनमध्ये काढली आहे. मला ताप आला तर सकाळची वाट बघू नका. घरी ठेवलेलं अँटिबायोटिक द्या आणि त्याच वेळी दवाखान्यात न्या. कुत्रा चावला तरी न्या.’’