स्कोमरचं तिकीट आणि उत्तरेचा वारा

वेल्समधल्या स्कोमर बेटावर पफिनचे फोटो काढायला फार कौशल्य लागत नाही. हा पक्षी माणसाला बिचकत नाही, पायवाट ओलांडून आपल्या बिळाकडे जातो. 300 मिमीची लेन्स पुष्कळ झाली. खरी कसोटी बेटावर पाय ठेवण्याची आहे.

दिवसाला 250 जणांनाच उतरू देतात, म्हणून मे-जूनची तिकिटं भराभर संपतात. मर्यादेबद्दल माझी तक्रार नाही, कारण सगळी जमीन बिळांनी पोखरलेली आहे. मला चीड आली ती पुढच्या टप्प्याची. कार्डिफहून आदल्या दिवशीच गाडी काढली, मुक्कामाचे पैसे भरले. होडी सुटणार का, असं रात्री विचारलं तर ‘सकाळी कळेल’. सकाळी लख्ख ऊन, आणि फेरी रद्द! होडी सुटते तो मार्टिन्स हेवनचा धक्का आणि ती लागते ते बेटावरचं नॉर्थ हेवन, दोन्ही उत्तरेकडे उघडे. वारा उत्तरेचा असला की होडी लावणं धोक्याचं. अहो, मग हे तिकीट काढतानाच ठळक अक्षरांत सांगा ना! तिकिटाचे पैसे परत मिळाले, मुक्कामाचे बुडाले. पुढची मोकळी तारीख शोधायची तर पुन्हा रजा टाकणं आलं. तेव्हा पावसाचा अंदाज मागाहून बघा, आधी वाऱ्याची दिशा बघा. हाताशी एक जादा दिवस ठेवा. सोमवारी, बँक हॉलिडे (ब्रिटनमधली सार्वजनिक सुट्टी) सोडला तर, होडी नसते. जुलैच्या अखेरीस पफिन समुद्रावर निघून जातात, म्हणजे थांबायलाही मर्यादा आहे.

मधल्या काळात मी परसातल्या तळ्याकाठी पालथा पडून होतो. मार्चमधल्या बेडकाच्या अंड्यांची एव्हाना शेपटीवाली पिल्लं झाली होती. सकाळी लवकर उठलं तर लाल टाचणी (चतुरासारखा बारीक कीटक) देठावर चढून कात टाकताना दिसे. पाण्यावरची चकाकी लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवून घालवायची आणि कॅमेरा पाण्याच्या पातळीला आणायचा. ही सवय बेटावर फार कामाला आली. पफिनही त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरूनच छान दिसतो. ऊन असेल तर एक्स्पोजर थोडं कमी ठेवा, नाहीतर फोटोत पांढरं पोट जळतं, नुसता पांढरा डाग उरतो. उडताना टिपायचा तर शटरचा वेग 1/2000 सेकंद.

अखेर दक्षिणेचा वारा मिळाला आणि बेटावरच्या धक्क्याच्या 87 पायऱ्या मी जवळजवळ धावत चढलो. चोचीत सँडईल मासे धरलेला पफिन समोर आला तेव्हा सगळा राग निवळला. मात्र त्याच्या आणि बिळाच्या मध्ये उभे राहू नका. तो अडकून पडतो आणि गल पक्षी त्याचे मासे हिसकावतात. आणि हो, बेटावर जेवण मिळत नाही, डबा घेऊन जा.