हे पुण्यासाठी करता का?

धर्मभावनेचा आणि मदतीचा संबंध काय, असे तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी सासवडला मुक्कामी असते, त्या दोन रात्री आम्ही काही जण वारकऱ्यांच्या पायांना तेल लावतो, फोड धुऊन मलमपट्टी करतो, आणि पाहणारे हमखास विचारतात, "हे पुण्यासाठी करता का?"

पहिल्या वर्षी पुण्य मिळावे म्हणूनच बसलो होतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. परंतु पुणे ते सासवड ही सुमारे ३० किलोमीटरची वाट, त्यातला दिवे घाटाचा चढ आणि वर एकादशीचा उपवास, एवढे सोसून आलेले पाय हातात घेतल्यावर तो हिशेब मनात राहत नाही. एका आजींनी तर पाय झटकन मागे ओढला. भेगांमध्ये चिखल भरला होता आणि परक्या माणसाने तो धुवावा याची त्यांना लाज वाटत होती. "माउली, असू द्या," म्हटल्यावर त्यांनी पाय सैल सोडला, आणि पट्टी बांधून होताच वाकून माझ्याच पायांना हात लावला. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडत असल्यामुळे घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. धर्मभावनेने मदतीला दिलेली सर्वांत मोठी देणगी मला हीच वाटते.

मात्र पालखी हलली त्या सकाळी मंडप सोडणाऱ्या एका मजुराचा तळवा पत्र्याने कापला, तेव्हा आमची पेटी बांधून झाली होती आणि ती कोणी उघडली नाही. "दवाखान्यात जा," एवढेच आम्ही त्याला सांगितले. गळ्यात माळ नसलेला तो माणूस आम्हाला माउली दिसलाच नाही. "दया करणें जें पुत्रासी, तेचि दासा आणि दासी" हा तुकोबांचा अभंग आदल्याच रात्री आम्ही टाळ वाजवत म्हटला होता. नाथांनी काशीची गंगा तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातली, ही कथा तर आम्हाला लहानपणापासून पाठ. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली, ती ज्यांना अस्पृश्य म्हणून कोणी ओसरीवरही टेकू देत नसे त्यांच्यासाठी. म्हणजे त्यांनी वारकऱ्यांतलेही वगळलेले वारकरी शोधले.

त्या वर्षापासून आमची औषधांची पेटी मंडपाचा शेवटचा बांबू निघेपर्यंत उघडी असते.