काळी चार, काळी पाच

"सॉक्सने लावतो," असं मी म्हटलं की आई अजूनही माझ्या पायांकडे बघते. तिची चूक नाही. साउंड एक्स्चेंज या आवाज वाजवणाऱ्या, भरणाऱ्या नि बदलणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव आखूड करून कुणी सॉक्स केलं, तेव्हा सदाशिव पेठेत वाढलेल्या बाईला पुढे काय वाटेल याचा विचार केला नसणार. १९९१ साली लान्स नॉर्स्कॉग नावाच्या प्रोग्रॅमरने तो पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला. नंतर त्यावर पुष्कळांचे हात फिरले. माझ्या लॅपटॉपवरची १४.४.२ ही आवृत्ती २०१५ सालची आहे. म्हणजे दर आठवड्याला अंगावर नवे कपडे चढवून येणाऱ्या ॲपांच्या मानाने अगदीच घरगुती प्रकरण.

त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत, गायकाचा फोटो नाही. काळ्या पडद्यावर प्ले लिहायचं, जागा सोडून फाइलचं नाव लिहायचं, एंटर मारायचा. गाणं सुरू होतं आणि खाली एक ओळ हलायला लागते. किती झालं, किती उरलं त्याचे आकडे, आणि शेजारी चौकटी कंसात एक उभी रेघ. आवाज चढला की रेघेच्या दोन्ही बाजूंना बरोबरची चिन्हं पसरत जातात, उतरला की पुन्हा रेघेपाशी गोळा होतात. नुसत्या टाइपरायटरच्या खुणांनी केलेला हा नाच मी गाणं सोडून बघत बसतो, हे कबूल करायला हवं.

मला आवडतो तो त्याचा स्वभाव. माझा आज मूड कसा आहे हे तो विचारत नाही. सांगितलेलं काम नीट झालं तर चकार शब्द काढत नाही. आवाज मर्यादेबाहेर गेला तर मात्र त्याचे इतके इतके नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मापं, कापले गेले असं कळवतो, आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकून विचारतो, आवाज कमी करायचा का? गणपतीत आमच्या गल्लीत हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

तर गेल्या दिवाळीत आईच्या शिवणाच्या डब्यात एक कॅसेट सापडली. साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. वर पेटीवाल्या काकूंच्या अक्षरात 'काकडा, कार्तिक १९९२'. नारायण पेठेतल्या एका छोट्या विठ्ठलमंदिरात आईचं भजनी मंडळ कार्तिकात पहाटे काकड्याला जायचं. अठरा बायका होत्या, आता पाच आहेत. दर गुरुवारी दुपारी चारला आमच्याकडे कोथरूडला जमतात. तेव्हाची पेटी आमच्याकडेच आहे. भाता थोडा धापा टाकतो, पण चालते.

या मंडळाची एक दंतकथा आहे. बायकांची पट्टी साधारण काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी. पण त्या वर्षी शेवटच्या गजराला आम्ही काळी पाचपर्यंत चढलो होतो, असं या पाचही जणी छातीवर हात ठेवून सांगतात. कॅसेटमध्ये आहे म्हणतात. पुढे कधी आवाज लागला नाही की कुणीतरी उसासा टाकून म्हणतं, "अहो, एके काळी काळी पाच होती आपली."

कॅसेट होती, पण वाजवायला काही नव्हतं. माळ्यावरच्या टेपरेकॉर्डरचा रबरी बेल्ट वितळून काकवी झाला होता. तापकीर गल्लीत एका दुकानदाराने जुन्या बरण्यांतून धुंडाळून बेल्ट काढून दिला, बसवूनही दिला. तिथेच कॅसेटचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी यूएसबीची डबीही मिळाली. घरी येऊन सॉक्सच्या घरातलाच रेक हा हुकूम सोडला आणि अर्धा तास कॅसेटच्या चाकांकडे बघत बसलो.

पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग मी स्वतःच्या हाताने घालवलं. मूळ फाइल आणि होणारी फाइल, दोन्हींना एकच नाव दिलं. आवाज आणि व्हिडिओ दोन्ही हाताळणारा एफएफएमपेग हा सॉक्सचा थोरामोठ्यातला भाऊबंद. त्याला असं काही सांगितलं की आधी विचारतो, या नावाची फाइल आहे, तिच्यावर लिहू का? सॉक्स आपणहून विचारत नाही. सांगितलं, केलं. फाइल रिकामी. कॅसेट होती म्हणून वाचलो. पुन्हा अर्धा तास चाकं.

दुसऱ्या वेळी कान देऊन ऐकलं. सुरुवात सुरेख. टाळ, पेटी, बायकांचे झोपेतून नुकते उठलेले जाड आवाज, मधूनमधून येणाऱ्या माणसाने वाजवलेली देवळाची घंटा. वीस मिनिटं सगळं ठीक. मग आवाज हळूहळू कोवळे व्हायला लागले. टाळ घाईत आले. शेवटच्या गजराला तर पन्नाशीच्या बायका शाळेतल्या मुलींसारख्या गात होत्या. आईची पेटी काढून सूर लावून बघितला. सुरुवात काळी चार. शेवट, खरंच, काळी पाच.

पण पेटीवाली बाई पट्टी वाढवते तेव्हा उडी मारते. या पट्टीवरून त्या पट्टीवर, मध्ये काही नाही. इथे सूर घसरगुंडीवरून उलटा चढावा तसा वर जात होता. मला आधी नव्या बेल्टचाच संशय आला, म्हणून टेपरेकॉर्डर काखेत मारून पुन्हा तापकीर गल्ली गाठली. दुकानदाराने स्वतःजवळची कॅसेट घातली, शेवटपर्यंत पळवून ऐकवली. सरळ. मग माझी घातली, दोन मिनिटं ऐकली आणि चहाचा ग्लास खाली न ठेवता म्हणाला, "मशीनला काही झालेलं नाही साहेब. भरताना सेल उतरले असतील."

मला कळायला वेळ लागला, कारण गोष्ट उलटी आहे. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावायला हवी. सेल उतरले की मोटर रेंगाळते आणि कमी फितीत जास्त गाणं कोंबलं जातं. पुढे धडधाकट मशीनवर तीच फीत नेमाने पळाली की गाणं घाईत आणि वरच्या सुरात बाहेर येतं. म्हणजे यंत्र जितकं दमलं, तितकी मंडळातली माणसं तरुण झाली.

तरी आईला तोंड द्यायचं तर पुरावा हवा होता. तो घंटेने दिला. सॉक्सच्या ट्रिमने तिसऱ्या मिनिटाची दोन सेकंदांची घंटा कापून घेतली, एकोणतिसाव्या मिनिटाची दुसरी घेतली, आणि प्लेपुढे दोन्ही नावं ओळीने लिहिली. टण्ण. मग तिच्या धाकट्या बहिणीसारखी, टिण्ण. माणसाचा गळा भक्तीने चढू शकतो, पेटी चढवता येते, पण पितळेची घंटा अर्ध्या तासात दोन पट्ट्या वर जात नाही.

उतरवण्यासाठी सॉक्सकडे तीन हत्यारं आहेत आणि त्यांची गल्लत करून चालत नाही. पिच सूर बदलतो, लय तशीच ठेवतो. टेम्पो लय बदलतो, सूर सोडत नाही. स्पीड दोन्ही एकदम बदलतो, जसं फितीचं होतं तसं. रोग फितीचा, म्हणून औषध स्पीड. त्याला सेंटमध्येही सांगता येतं. पेटीच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून, शंभर सेंट. काळी चार आणि काळी पाच यांच्यामध्ये एक पांढरी, म्हणजे दोनशे. एकोणतिसाव्या मिनिटाच्या घंटेला उणे दोनशे लावले आणि पुन्हा दोघी ओळीने वाजवल्या. टण्ण, टण्ण. मी रात्री साडेअकराला एकटाच हसलो.

मग शेवटच्या दहा मिनिटांचे दहा तुकडे केले. पहिल्याला उणे वीस, दुसऱ्याला उणे चाळीस, असं करत दहाव्याला उणे दोनशे. सगळे पुन्हा जोडले. फार कान लावला तर एखादा सांधा कळतो, ते सोडा. पण गाणाऱ्या बायका आपापल्या वयाच्या झाल्या. एकीचा खोकला खोकल्यासारखा वाटायला लागला, आधी तो शिंक वाटत होता. गंमत म्हणजे रेकॉर्डिंग सुमारे चाळीस सेकंदांनी लांबलं. सेलांनी १९९२ साली गिळलेली चाळीस सेकंदं.

गुरुवारच्या आत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवायचं, तर एमपी३ करणं आलं. त्याला सॉक्स चक्क म्हणाला, हा प्रकार मी ओळखत नाही. एमपी३वर कित्येक वर्षं पेटंटची कुलपं होती. फ्राउनहोफर या जर्मन संस्थेने २०१७ साली परवान्यांचा कार्यक्रम बंद केला, तरी माझ्या लॅपटॉपच्या उबुंटू या लिनक्सवर एमपी३चं पॅकेज अजून वेगळं मागून घ्यावं लागतं. ते घेतलं. तीस मिनिटांची तीनशेहून जास्त एमबीची फाइल मोनो करून पंधराच्या आत आणली. मूळची फ्लॅकमध्ये ठेवली, कारण फ्लॅक आवाजाची घडी घालतं, कातरत नाही. एमपी३ कातरतं, आणि त्याचं पुन्हा वेव्ह, म्हणजे न दाबलेली फाइल, केलं तर फाइल नुसती फुगते, गेलेलं परत येत नाही. ताकाचं दूध कुणी केलंय?

गुरुवारी पाचही जणी बसल्या. मी आधी दुरुस्त केलेलं लावलं. ऐकता ऐकता आईने टाळ धरला, दोघी गुणगुणायला लागल्या, कारण आता सूर त्यांच्या गळ्याला लागत होता. गजर आला. शेवटी सगळ्या थांबल्या आणि पेटीवाल्या काकू म्हणाल्या, "छान आहे रे. पण ही आमची कॅसेट नव्हे."

मी घंटा ऐकवल्या. दोनदा ऐकवल्या. सेल, फीत, सेंट, सगळं सांगितलं. टाळवाल्या मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग घंटा बदलली असेल ना त्यांनी?"

"मधेच? काकडा चालू असताना?"

"अहो, तेव्हा देवळात फार कामं चालू होती."

ठराव झाला. ग्रुपवर जुनीच गेली, चढणारी. पाचही जणींनी हात जोडल्याची चित्रं टाकली.

रात्री आई स्वयंपाकघरात दुधाला विरजण लावत होती. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "नवे सेल कोण आणणार होतं तेव्हा? देवळाच्या ओवरीत प्लग नव्हता, नि मशीनला सहा लागायचे. बाबांच्या टॉर्चमधले तीन काढले, रेडिओतले तीन. घरी आल्यावर ज्याचे त्याला लावून टाकले." मग पातेल्यावर ताटली ठेवली. "महिनाभर त्या टॉर्चच्या नावाने ठणाणा करत होते तुझे बाबा."