लॅबमध्ये किल्लारीकडची भिंत: माझा अनुभव

आमचा प्रकल्प दोन ठिकाणांत वाटलेला. गावांतली जुनी घरं आम्ही लातूरकरांनी मोजायची आणि तशाच भिंती उभारून भूकंपासारख्या हलवून बघायचं काम दूरच्या एका विद्यापीठाच्या लॅबचं. वाटणी चोख होती, पण गाडी पहिल्याच फॉर्मवर अडली. तिकडून आलेल्या फॉर्ममध्ये छताचे पर्याय तीनच: स्लॅब, पत्रा, कौल. माळवद, म्हणजे लाकडावर मातीचे थर दिलेलं सपाट छत, नाहीच! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी-सास्तूर भागात हजारो माणसं गेली ती दगड-मातीच्या भिंती आणि माळवदांखाली. फॉर्मला त्याचा पत्ता नाही.

फोनवर समजावून दमले, मग हिशोबच पाठवला. माळवदावर माती दीड फूट तर असतेच; गळू नये म्हणून दर काही वर्षांनी वर नवा थर पडतो, जुना कुणी काढत नाही. म्हणजे चौरस मीटरला पाऊण टन. दहा बाय बाराच्या खोलीवर आठ टन. आणि घरावर येणारा भूकंपाचा जोर घराच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. यानंतर फॉर्म लगेच बदलला, 'मातीची जाडी' असा रकानाही आला. ही जाडी मोजायला छत उकरावं लागत नाही. धूर-उजेडासाठी छतात ठेवलेल्या भोकाच्या, म्हणजे साण्याच्या, कडेला टेप लावला की झालं.

गावात वहीपेन घेऊन शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, यादीत नाव येतंय का?" यादी नाही म्हटल्यावर निम्मी दारं बंद. त्यात मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोलीकडे ४.५ चे धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत जाणवले, मग लोक आपणहून बोलवायला लागले. एका आजींना विचारलं, वरची माती थोडी उतरवता का? त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात पत्र्याखाली तू निजून दाखव, मग बोल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. माती कमी करून खाली गारवा कसा राखायचा, याचं संशोधन आमच्या प्रकल्पात धरलंच नव्हतं. धरायला हवं होतं असं माझं मत.

खरी मजा लॅबमध्ये आली. तिथल्या गवंड्यानं नमुन्याची भिंत इतकी देखणी रचली, सांधे जुळवून, मोठे दगड आडवे घालून, की ती आपल्याकडची वाटेचना. अशी भिंत हलवून काय कळणार? मी हट्ट धरला, आमच्याकडचा गवंडी आणा. प्रवासभत्ता कोणत्या खात्यातून द्यायचा यावर बरीच पत्रापत्री झाली. शेवटी औसा तालुक्यातले एक मामा आले आणि त्यांनी आधी विचारलं, "नीट बांधू का आमच्यासारखं बांधू?"

आमच्यासारखं म्हणजे आतबाहेर दोन थर, मध्ये गोटे-मातीचा भराव आणि दोन्ही थरांना धरून ठेवणारा लांब दगड जवळजवळ कुठंच नाही. हलवल्यावर भिंतीला पोट सुटलं, बाहेरचा थर सुटून पडला, आतला नुसता उभा राहिला. मामा म्हणाले, "असंच झालं होतं."

पुढच्या भिंतीत दोन्ही थर जोडणारी सांधणी घातली. पद्धत जुनीच, किल्लारीनंतरच्या दुरुस्त्यांतही वापरलेली: ठोकाठोकी न करता हलक्या हातानं दगड काढून आरपार भोक पाडायचं, दोन्ही टोकांना वाकवलेली आठ मिलीमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरायचं. उभ्या अंतरात साधारण दोन फुटांवर, आडव्यात चार फुटांवर. या भिंतीला तडे गेले, पण दोन थर वेगळे झाले नाहीत. हातोडा मारायचा नाही, हे मामांना सांगावं लागलं नाही. आमच्या विद्यार्थ्यांना मात्र वारंवार सांगावं लागलं.

माळवद पेलणाऱ्या लाकडी सांगाड्याचं काम अजून बाकी आहे. खांब-तुळया उभ्या राहतात म्हणून घरमालक निर्धास्त असतात. पण खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरका आधार नसेल तर अख्खा सांगाडा एका बाजूला कलतो. पुढच्या फेरीत त्याचीच चाचणी आहे. मामांनी त्यासाठी एका सुताराचं नाव सुचवलंय आणि भत्त्याचं पत्र या वेळी मी आधीच टाकून ठेवलंय.