तुम्ही विचारलंत म्हणून: वजन खाण्याने वाढतंय की प्लास्टिकने?

इंदूरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे लग्नात, हळदीकुंकवाला, अगदी लोकमान्य नगरात गणपतीची आरती झाल्यावर हातात प्रसाद असताना सुद्धा हा प्रश्न येतोच, "ताई, मी फार काही खात नाही हो, तरी वजन वाढतंच आहे, प्लास्टिकमधल्या केमिकलने हार्मोन्स बिघडतात म्हणतात ते खरं का?" विचारणारी बहुतेक वेळा चाळिशीच्या पुढची असते, तिची थायरॉइडची गोळी चालू असते नाहीतर मुलीला पीसीओएस, म्हणजे अंडाशयाचा हार्मोन्सचा त्रास, निघालेलं असतं. उभ्या उभ्या अर्धंच उत्तर होतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

केमिकलचं खरं आहे, अफवा नाहीये ती. बीपीए नावाचं जे रसायन कडक पारदर्शक प्लास्टिकमध्ये, डबाबंद खाण्याच्या पत्र्याच्या आतल्या थरात आणि दुकानातल्या गुळगुळीत थर्मल बिलांवर सापडतं ना, ते शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं वागतं हे 1930 च्या दशकातच चार्ल्स डॉड्स या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवलं होतं, त्याच्या बाटल्या बाजारात यायच्या कितीतरी आधी. मग 2006 मध्ये अमेरिकेत ब्रूस ब्लमबर्ग यांनी अशा चरबी वाढवणाऱ्या रसायनांना ओबेसोजेन असं नाव दिलं. त्यांचं काम होतं ट्रायब्युटिलटिनवर, जहाजाच्या तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात घालायचे ते. गाभण उंदरीला ते दिलं तर पिल्लांच्या अंगात चरबी जास्त, कारण ज्या मूळ पेशीचं हाड पण होऊ शकतं आणि चरबी पण, ती चरबीच्या बाजूला वळते. आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा एकदम 20,000 पटीने खाली आणली, म्हणजे त्यांनी हे किती गंभीर धरलंय बघा.

पण नीट बघा, उंदरांच्या त्या प्रयोगात रसायन आईला दिलं होतं आणि परिणाम दिसला पिल्लात. माझं सगळं उत्तर इथेच आहे. पोटातलं बाळ आणि लहान मूल यांच्या चरबीच्या पेशी, भुकेचे हार्मोन्स, सगळं तेव्हा घडत असतं, तिथे थोडंसं रसायनही दिशा बदलू शकतं. आपण पंचेचाळिशीच्या बायका घडून बसलेल्या आहोत, आपल्याला काहीच होत नाही असं मी म्हणत नाही, पण बाटली बदलली आणि पाच किलो उतरले असं होत नाही. बीपीए तर अंगात साठून पण राहत नाही फारसं, एका दिवसात बहुतेक लघवीवाटे जातं. 2011 मध्ये अमेरिकेतल्या पाच कुटुंबांना फक्त तीन दिवस ताजं, डबाबंद-पॅकबंद नसलेलं जेवण दिलं तर लघवीतलं बीपीए सरासरी 66 टक्क्यांनी उतरलं. छान बातमी आहे, पण ती बीपीए उतरल्याची आहे, वजन उतरल्याची नाही.

मग आपलं वजन का वाढतं? खाण्यानेच, पण "जास्त खाता" असं म्हणून बाईला गप्प करणं मला अजिबात पटत नाही, कारण भूक सुद्धा हार्मोन्सच ठरवतात. 2019 मध्ये अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल यांनी 20 माणसांना दवाखान्यात ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेलं पाकीटबंद खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं घरच्यासारखं, दोन्हीकडे समोर ठेवलेली साखर, फॅट, फायबर सारखंच, आणि पोटभर खा म्हणून सांगितलं. पाकीटवाल्या खाण्यावर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि जवळजवळ एक किलो वाढली, साध्यावर तेवढीच उतरली. साध्या खाण्यावर भूक लावणारं घ्रेलिन कमी निघालं, पोट भरल्याचं सांगणारं पीवायवाय जास्त. मनाच्या ताब्याचा प्रश्नच नाही इथे.

आणि आपलं इंदूर बघा. सकाळी पोहे, वर मूठभर सेव आणि जीरावन मसाला, बाजूला जिलबी. दुपारी वरणात सेव, चारला चहाबरोबर मिक्स्चर, रात्री पाहुणे आले की सराफ्यातला खाऊबाजार, तिथे तळलेला गराडू कंद, भुट्ट्याचा कीस. "मी फार खात नाही" हे बायका खोटं बोलत नाहीत, जेवणाच्या ताटात खरंच दोनच पोळ्या असतात, पण ती सेव कोणी जेवणात धरत नाही आणि दिवसभर थोडं थोडं पोटात जात राहतं, त्यामुळे इन्शुलिन खाली यायला वेळच मिळत नाही, आणि ते वर असेपर्यंत साठलेली चरबी बाहेर निघत नाही. त्यात झोप. दोन रात्री चारच तास झोपलेल्या तरुण मुलांमध्ये घ्रेलिन 28 टक्के वाढलं होतं आणि तृप्तीचं लेप्टिन 18 टक्के घटलं होतं, हा प्रयोग 2004 चा. सराफ्यातून रात्री एकला घरी येऊन सकाळी सहाला मुलांचे डबे करणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी जास्त भूक लागणारच.

थायरॉइडचं थोडक्यात. थायरॉइड कमी असल्याने वाढणारं वजन साधारण दोन ते साडेचार किलो, तेही बरंचसं पाणी आणि मीठ. पंधरा किलोचा दोष त्या ग्रंथीवर टाकू नका. गोळी मात्र उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब, हे बऱ्याच जणींना कोणी सांगितलेलंच नसतं.

आता सुनेला दिवस गेलेत असं घर असेल तर तिथे मी प्लास्टिकसाठी पदर खोचून भांडते. गरम चहा पन्नीत आणायचा नाही. टपरीवर उकळता चहा ओतला की ती पातळ पन्नी लगेच मऊ पडते, रबर बँड लावून घरी येईपर्यंत वाफेने टम्म फुगलेली असते, आणि प्लास्टिकमधली रसायनं उष्णतेने आणि तेलाने जास्त सुटतात. स्टीलचा डबा न्या, दुकानदार भरून देतात. प्लास्टिकचा डबा मायक्रोवेव्हमध्ये नको. "बीपीए फ्री" लिहिलेलं बघून निश्चिंत होऊ नका, त्याच्या जागी वापरलेलं बीपीएस पण इस्ट्रोजेनसारखं वागतं. वर्तमानपत्रावर पोहे नकोत, एफएसएसएआय या आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2016 मध्येही बजावलंय, शाई खाण्यात उतरते. आणि नुसतं प्लास्टिक नाही हो, तिचं जेवण पण तितकंच. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय की आपली बाळं जन्मतः वजनाने कमी पण चरबीने भरलेली असतात, आणि ज्या आयांचं गरोदरपणी बी12 हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (फॉलिक अॅसिडवालं जीवनसत्त्व) जास्त होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनचा परिणाम कमी पडत होता. शाकाहारी घरात बी12 तपासा, डोहाळजेवणाची तयारी सुरू व्हायच्या खूप आधी.

हार्मोन डिटॉक्सच्या पावडरी घेऊ नका. ते काम लिव्हर आणि किडनी करतात, फुकट.

राहिली पीसीओएसवाली मुलगी. इन्शुलिन वाढलं की अंडाशय टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जास्त बनवतं, त्यामुळे पाळी पुढे जाते, पुरळ येतं, चेहऱ्यावर केस येतात, आणि वजन पाच-दहा टक्के उतरलं तरी बऱ्याच मुलींची पाळी रुळावर येते. तिला पाहुण्यांसमोर जाडी म्हणू नका, तिच्या ताटातली पोळी मोजू नका. आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या, रक्ताच्या तपासण्या होऊ द्या, मग माझ्याकडे आणा, आणि येताना आठवडाभराचं खाणं वहीत लिहून आणा म्हणते ना मी, ते तिलाच लिहू द्या, तुम्ही लिहू नका.