एकाआड एक

अहवाल तयार होता, फक्त माझी सही व्हायची होती. मुलींच्या एका वसतिगृहात गालगुंडाची साथ आली होती आणि आमच्या विभागातल्या रेसिडेंट डॉक्टरने आठवडाभर खपून तो लिहिला होता. शेवटचं वाक्य असं होतं : 'सर्व विद्यार्थिनींना प्रतिबंधक गोळ्या दिल्यावर चौथ्या दिवसापासून नवीन रुग्ण आढळला नाही. गोळ्या परिणामकारक ठरल्या.' गृहपाल बाई आभाराचं पत्र घेऊन समोरच बसल्या होत्या. साथीत त्यांनी रात्र-रात्र जागून काढली होती.

पेनाचं टोपण काढलं आणि हात थांबला. दुपारच्या लेक्चरसाठी टेबलावर टॉमस ग्रॅहम बाल्फोर यांचा एक उतारा काढून ठेवला होता, आणि हेच सगळं त्यात जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपूर्वी घडून गेलं होतं.

बाल्फोर १८१३ साली एडिंबरात जन्मले, तिथेच १८३४ मध्ये एम.डी. झाले आणि सैन्याच्या वैद्यकीय सेवेत शिरले. तिथे त्यांच्या वाट्याला आलं ते मुख्यतः मोजणीचं काम. कुठल्या छावणीत किती शिपाई आजारी पडले, किती दगावले, कशाने, हे वर्षानुवर्षांच्या कागदांतून वेचून त्यांनी ब्रिटिश सैन्याच्या आरोग्य-आकडेवारीचे खंड उभे केले. १८५७ मध्ये सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणारा आयोग नेमला गेला, त्याचे ते सचिव होते. धडधाकट म्हणून निवडून घेतलेले तरुण शिपाई शांततेच्या काळात, स्वतःच्याच देशातल्या बराकीत, बाहेरच्या तरुणांपेक्षा कितीतरी जास्त मरत होते. आपल्याला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे तक्ते माहीत असतात. त्यांच्यामागे अशा माणसांची मान मोडून केलेली मोजणी होती, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी आवर्जून सांगते.

पण माझ्यासमोरचा उतारा याच्या थोडा आधीचा होता. तेव्हा बाल्फोर लंडनला चेल्सीत, सैनिकांच्या मुलांसाठी असलेल्या रॉयल मिलिटरी असायलममध्ये सर्जन होते. तिथे स्कार्लेट फीव्हर आला. घसा सुजायचा, अंगभर लाल पुरळ उठायचं, आणि त्या काळी त्यात मुलं जात. बेलाडोना हे वनस्पतीपासून केलेलं औषध दिलं तर हा ताप टळतो, असं होमिओपॅथीचे जनक हानेमान यांच्यापासून सांगितलं जात होतं. बाल्फोरनी ते सरसकट वाटलं असतं तर कोणी बोट ठेवलं नसतं. त्यांनी आधी हा ताप येऊन न गेलेली १५१ मुलं शोधली, यादी समोर घेतली आणि एकाआड एक नावं उचलून दोन गट पाडले. मुद्दाम निवड केली असा आरोप नको, म्हणून एकाआड एक. ७६ मुलांना बेलाडोना दिला, ७५ जणांना काहीच नाही. ताप आला पहिल्या गटात दोघांना आणि दुसऱ्यातही दोघांना.

पुढे त्यांनी लिहिलंय ते मला फार मोलाचं वाटतं. एवढ्या थोड्या मुलांवरून औषधाबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही, हे ते आधीच कबूल करतात. मग म्हणतात, मी सगळ्याच मुलांना औषध दिलं असतं, तर साथ थांबल्याचं श्रेय बहुधा त्यालाच दिलं असतं. चार्ल्स वेस्ट यांच्या बालरोगांवरच्या व्याख्यानांत १८५४ मध्ये हे छापून आलं.

रेसिडेंटला म्हटलं, "लाइन लिस्ट आण," म्हणजे कोण कधी आजारी पडलं त्याची यादी. आलेखाच्या कागदावर आम्ही एकेका मुलीसाठी, तिची गालफडं सुजली त्या तारखेवर, एकेक चौकोन भरत गेलो. सगळ्यात उंच रकाना गोळ्या वाटल्या त्याच्या कितीतरी आधीचा निघाला. त्यानंतर उतरणच होती. शिवाय गालगुंडाची लागण झाल्यापासून सूज दिसेपर्यंत साधारण सोळा ते अठरा दिवस जातात. गोळीने त्या दिवसापासून नवी लागण पूर्ण थांबवली असं धरलं, तरी आधी लागण झालेल्या मुली पुढचे दोनेक आठवडे आजारी पडतच राहायला हव्या होत्या. चौथ्याच दिवशी साथ थांबली, म्हणजे लागण त्याच्या बरीच आधी ओसरली होती.

रेसिडेंटचा चेहरा उतरला. गृहपाल बाई उठून कागदावर वाकल्या. पहिल्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही आमची सातवीतली. हिला आठ दिवस पेज भरवली मी." मग थोडं थांबून, "म्हणजे आम्ही गोळ्या दिल्या ते चुकलं का मॅडम?"

"नाही हो," मी म्हटलं. "आजारी मुलींना तुम्ही पहिल्या दिवशी वेगळ्या खोलीत ठेवलंत, त्यांची ताटं-भांडी वेगळी केलीत, ते योग्यच होतं. फक्त गोळ्या सगळ्यांनाच दिल्या, त्यामुळे न घेणाऱ्यांचं काय झालं असतं, ते बघायला कोणी उरलंच नाही."

"मग सर्वांत चांगलं एकाआड एक?" रेसिडेंटने विचारलं. आता त्याहून पुढे गेलंय, मी सांगितलं. पुढचं नाव कोणत्या गटात जाणार हे आधीच कळत असेल, तर नकळत हात फिरतो. १९४८ च्या स्ट्रेप्टोमायसिन या क्षयरोगावरच्या औषधाच्या चाचणीत म्हणून यादृच्छिक, म्हणजे कुठलाही क्रम नसलेले, आकडे वापरले आणि ते बंद पाकिटांत ठेवले. आणि असं काही करायचं तर आधी एथिक्स कमिटी आणि पालकांची संमती लागते.

लेक्चरला दहा मिनिटं उशीर झाला. तोवर त्याने शेवटचं वाक्य खोडून हाताने नवीन लिहिलं होतं : 'गोळ्यांचा परिणाम झाला की नाही, हे उपलब्ध नोंदींवरून सांगता येत नाही.' शेजारी आलेख टाचला होता. मी त्याखाली सही केली आणि वर्गात जाताना तोच कागद सोबत घेतला.